श्रीखंडाचा डबा आणि ईआर-पीआरचा रिपोर्ट : सर्जन आणि लॅबचालकांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा-तालुक्याच्या गावी स्तनाच्या गाठींची ऑपरेशने करणारे सर्जन
आणि त्या गाठी तपासणाऱ्या पॅथॉलॉजी लॅबचे चालक यांस

सप्रेम नमस्कार.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. डॉक्टर नाही. ‘आता मास्तरीणबाई आम्हाला पॅथॉलॉजी शिकवणार’ असे ज्यांच्या मनात येईल त्यांच्यावर माझा राग नाही, पण निदान डब्याची गोष्ट तेवढी वाचा.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका शनिवारी, कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्या थोरल्या बहिणीचे ऑपरेशन झाले. ताई तेव्हा छप्पन्न वर्षांची. डाव्या स्तनात बोटाला कठीण लागणारी जागा होती. गोल गाठ म्हणावी तशी नव्हती. कणीक मळताना एखादा कोपरा घट्ट राहून जावा, तशी. मॅमोग्राफी झाली, सुई घालून पेशी तपासल्या, कॅन्सरच्या पेशी दिसल्या आणि चौथ्या दिवशी स्तन काढला. साडेबाराला ऑपरेशन संपले. दोनच्या सुमारास सिस्टरनी दाजींच्या हातात एक पिशवी दिली. आत श्रीखंडाचा दोन किलोचा प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने ताईचे नाव आणि वय. वेळ लिहिलेली नव्हती. डबा जवळजवळ मांसानेच भरलेला आणि मांस टिकवण्याचे फॉर्मलिन वरून ओतलेले, कसेबसे बुडेल एवढे. ‘जिल्ह्याला लॅबमध्ये नेऊन द्या, आजच द्या,’ एवढे सांगितले गेले.

दाजी एसटीने निघाले. लग्नसराईची गर्दी, बसायला जागा नाही. डबा छातीशी धरून उभ्या असलेल्या माणसाला कंडक्टरने विचारले, “काय पाव्हणं, श्रीखंड का?” दाजी “हो” म्हणाले. हे त्यांनी मला दीड वर्षाने सांगितले, तेही ताई आत झोपली आहे याची खात्री करून.

लॅब शनिवारी चारला बंद झाली होती. शिपायाने डबा ठेवून घेतला. रविवार गेला. सोमवारी कधीतरी तो उघडला असणार.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. पहिल्या पानावर लिहिले होते : इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ग्रेड दोन, आकार दोन सेंटिमीटर, काखेतल्या चौदा ग्रंथींपैकी एकीतही कॅन्सर नाही. म्हणजे लवकर सापडलेला. आम्ही देवाला नारळ फोडला. दुसऱ्या पानावर तीन ओळी : ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. टक्केवारी नाही, दुसरा एक शब्द नाही. ‘ट्रिपल निगेटिव्ह आहे, केमोशिवाय काही नाही,’ असे ऐकले आणि केमो सुरू झाली. केस गेले, नखे काळी पडली, ताई तोंडातल्या फोडांमुळे ताकभातावर राहिली.

त्या दोन पानांचे एकमेकांशी जमत नव्हते. हे मला दीड वर्षाने कळले. तुमच्यापैकी अनेकांना हे पत्र वाचतानाच कळले असेल.

ज्यांना कळले नसेल त्यांच्यासाठी, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर आयाबहिणींसाठी थोडे सांगते. आमच्याकडे उसाला पाणी पाजण्याला दारे धरणे म्हणतात. पाटातून आलेले पाणी कुठल्या सरीत सोडायचे, कुठले बारे बुजवायचे, हे रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन करायचे काम. स्तनाच्या कॅन्सरमधल्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतात. त्यांच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर असतात, तेच ईआर. इस्ट्रोजेन त्यांना जाऊन चिकटले की पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. तो दिसला तर ईआरचे काम नीट चालू आहे असे धरतात. हर-टू हे वाढीचा हुकूम देणारे वेगळे प्रथिन. ही तिन्ही नसतील तर ‘ट्रिपल निगेटिव्ह’. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनच्या आधी जाऊन रिसेप्टर अडवते, म्हणजे सरीचे बारे बुजवते. पाळी गेलेल्या बायकांना देतात ते लेट्रोझोल पाटातले पाणीच आटवते. पण पीक मुळात त्या पाण्यावर नसेलच तर बारे बुजवून उपयोग काय? म्हणून आधी विचारायचे, हे पीक कुठल्या पाण्यावरचे. ईआर-पीआर तपासणे म्हणजे एवढेच विचारणे. आणि लोब्युलर जातीच्या गाठी बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्हच असतात; म्हणून ताईची ती दोन पाने जमत नव्हती.

हा प्रश्न विचारायला माणसाला फार वर्षे लागली. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली अंडाशय काढून टाकल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर ओसरल्याचे लिहिले, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता; तो १९०५ चा. काही बायकांत ओसरतो आणि काहींत ढिम्म हलत नाही, हे कोडे पुढे साठेक वर्षे तसेच राहिले. १९५० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजन जोडून ते शरीरात कुठे जाऊन थांबते याचा माग काढला आणि रिसेप्टर हाती लागला. टॅमॉक्सिफेन तर इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये तयार केले, तेही संततिनियमनाच्या शोधात, आणि त्या परीक्षेत ते नापास झाले. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा मान वर करतात. असो, बाईंना विषयांतराची खोड आहे.

मुद्दा असा की पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलेल्या ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. वीस चाचण्यांमधल्या हजारो बायकांची आकडेवारी एकत्र करून हे २०११ मध्ये छापून आले. ईआर निगेटिव्ह बायकांना त्याच गोळीचा काडीचा फायदा नाही. कॅन्सरच्या औषधांत एवढे स्वस्त आणि एवढे कामाचे दुसरे कुठले असेल मला माहीत नाही. रोजची गोळी टपरीवरच्या कटिंगहून महाग नाही. आणि ती लिहून द्यायची की नाही, हे ठरते त्या दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर. त्या ओळीची सुरुवात होते ऑपरेशन थिएटरात, कुणीतरी हातात घेतलेल्या डब्यापाशी.

आता दुसऱ्या तपासणीबद्दल, जिच्याबाबतीत तुमच्या उत्साहाला तोड नाही.

केमो संपली आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी सुरू झाली. सीए १५-३. प्रत्येक वेळी अकराशे रुपये. फाइलवर ‘ट्यूमर मार्कर’ असे लाल शिक्क्यात. मी एकदा विचारले होते, “डॉक्टर, मार्कर नीट तपासलेत ना?” ते म्हणाले, “अहो, दर तीन महिन्यांना करतोय की.” मी विचारत होते गाठीतल्या ईआर-पीआरबद्दल, ते सांगत होते रक्ताबद्दल. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी बोलल्या जातात आणि नातेवाइकाचे समाधान होऊन जाते. तुमच्या दवाखान्यातही हा घोळ रोज होत असणार. निदान बोलताना ‘गाठीची तपासणी’ आणि ‘रक्ताची तपासणी’ असे वेगळे शब्द वापरा.

तिसऱ्या वेळी ताईचा आकडा आला ३८. लॅबची मर्यादा ३१.३. छापील रिपोर्टवर आकडा ठळक आणि पुढे बाण वर केलेला. तो बाण मी कधी विसरणार नाही. संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी भेटणार होते. ताईने रात्री कपाट आवरायला काढले. कुठली साडी कुणाला द्यायची याच्या चिठ्ठ्या तिने साड्यांच्या घडीत घातल्या. मोरपंखी इरकल माझ्या नावाने. पेट स्कॅन केला, सोळा हजार. काही निघाले नाही. पुढच्या वेळी आकडा २९. चिठ्ठ्या मात्र अजून तशाच आहेत.

सीए १५-३ म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचे रक्तात सुटून आलेले तुकडे. लिव्हरच्या आजारात तो वाढतो, स्तनातल्या साध्या आजारांत वाढू शकतो, काही धडधाकट बायकांतही वाढलेला सापडतो. उलट लहान, लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तो अगदी नॉर्मल असतो. म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने, २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी, टप्पा ठरवण्यासाठी किंवा बऱ्या झालेल्या बाईवर लक्ष ठेवण्यासाठी ही तपासणी करावी असे सुचवलेले नाही. २०१२ मध्ये तिने डॉक्टरांनी टाळायच्या पाच गोष्टींची यादी काढली, तीत ही एक होती : लक्षणे नसलेल्या बाईचे मार्कर आणि स्कॅन करत राहू नका. त्याच्याही कितीतरी आधी, १९९४ मध्ये, इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांत हजारांहून अधिक बायकांचे दोन गट केले होते. एका गटाला ठरलेल्या काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे. दुसऱ्याला नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्या-मरण्यात फरक पडला नाही.

कॅन्सर शरीरात पसरलेला असेल आणि उपचार लागू पडतोय का हे पाहायचे असेल, तर या आकड्याचा उपयोग आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण आठ मार्च जवळ आला की आमच्या एसटी स्टँडासमोर जे फ्लेक्स लागतात, ‘महिला दिन विशेष, कॅन्सर मार्करसह फुल बॉडी चेकअप’, त्यांवर दात काढून हसणाऱ्या बाईचा फोटो असतो, तिला कुणीतरी सांगा की तुझ्या स्तनातली गाठ रक्तात सापडायची नाही, आरशासमोर उभी राहा आणि डॉक्टरांना हात लावून बघू दे. या तपासण्यांत कुणाला किती सुटते हा विषय मी पत्रात आणत नाही. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

पेटच्या त्या धसक्याने एक चांगले झाले. ताईचा मुलगा हट्टाला पेटला आणि सगळी फाइल घेऊन मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले, पुन्हा पहिले वाचले. “लोब्युलर आणि ईआर निगेटिव्ह?” एवढेच म्हणाल्या. “ब्लॉक घेऊन या.”

ब्लॉक मिळवायला आम्हाला तीन खेपा पडल्या. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली लहानशी वडी, आगपेटीपेक्षाही छोटी, वर्षानुवर्षे टिकते. ‘ब्लॉक बाहेर देत नाही’, ‘मालक नाहीत’, ‘अर्ज द्या’. तिसऱ्या खेपेला मिळाले, चार. मुंबईत चारही पाहिले गेले. ईआर असलेल्या पेशी या तपासणीत तपकिरी रंगतात. पहिल्या लॅबने ईआर तपासला होता तो गाठीच्या मधल्या भागाच्या ब्लॉकवर. तिथे दूध आणणाऱ्या सामान्य नलिकाही होत्या आणि त्याही रंगल्या नव्हत्या. गाठीच्या कडेचा एक ब्लॉक होता, फॉर्मलिन जिथे वेळेवर पोचले होते तो. त्यावर पुन्हा रंग चढवला. नव्वद टक्के पेशी गडद तपकिरी. किती पेशी रंगल्या आणि किती गडद याचे गुण, म्हणजे ऑलरेड स्कोअर, आठपैकी आठ.

सामान्य नलिकांचे ते वाक्य मी त्या बाईंना परत सांगायला लावले. निरोगी स्तनाच्या नलिकांत काही पेशी ईआर असलेल्या असतातच. स्लाइडवर त्या दिसत असतील आणि त्यासुद्धा कोऱ्या राहिल्या असतील, तर बिघाड तपासणीत आहे. असा नमुना निगेटिव्ह म्हणायचा नसतो, ‘सांगता येत नाही’ म्हणायचे असते. माझ्या नववीतल्या मुलांना हे कळते : दिवा पेटला नाही तर आधी बटण चालू आहे का ते पाहतात. लॅबमध्ये स्लाइडवरच बटण होते आणि ते कुणी पाहिले नाही.

ताईची लेट्रोझोलची गोळी ऑपरेशननंतर एक वर्ष आठ महिन्यांनी सुरू झाली. ‘उशीर झाला तरी घ्यायची,’ असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मधल्या वीस महिन्यांचे काय झाले, हे कुठलाच मार्कर सांगत नाही.

हे फक्त आपल्याकडे होते असे समजू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांताची गोष्ट मी नंतर वाचली आणि मला रात्रभर झोप आली नाही. अवघ्या पाच लाखांचा प्रांत, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. १९९७ ते २००५ या काळात तिथल्या ईआर-पीआरच्या तपासण्या राजधानी सेंट जॉन्समधल्या सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये होत. २००५ मध्ये तिथल्या एका कॅन्सरतज्ज्ञाला एका बाईच्या रिपोर्टात खटकले. काय खटकले असेल? लोब्युलर आणि ईआर निगेटिव्ह. तपासणी पुन्हा केली, पॉझिटिव्ह. मग जुने नमुने पेटाऱ्यातून बाहेर काढून टोरांटोला पाठवले. जवळपास चारशे बायकांचे निकाल चुकीचे निघाले. त्यांतल्या शंभराहून अधिक तोवर वारल्या होत्या. गोळी मिळाली असती तर त्यांतल्या किती जगल्या असत्या हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तीच त्यांच्या घरच्यांची शिक्षा.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने याची चौकशी करून मार्च २००९ मध्ये अहवाल दिला. एक खलनायक सापडला नाही. नमुने फॉर्मलिनमध्ये नीट टिकवले जात नव्हते, कामाच्या पद्धती लिहून ठेवलेल्या नव्हत्या, माणसे बदलत होती, स्लाइडवरचे ते ‘बटण’ दुर्लक्षित राहत होते. २००३ मध्येच त्या लॅबमधल्या एका पॅथॉलॉजिस्टने लेखी कळवले होते की निकालांवर भरवसा ठेवता येत नाही. काही आठवडे काम थांबले आणि पुन्हा सुरू झाले. बायकांना खरे आकडे कळले ते कोर्टात कागद दाखल झाले तेव्हा. १ कोटी ७५ लाख डॉलरची भरपाई ठरली. तिथे निदान जुने नमुने जपलेले होते, नोंदी होत्या, म्हणून चूक सापडली. आपल्या किती लॅबमध्ये पाच वर्षांपूर्वीचा ब्लॉक अर्ध्या तासात हाती लागेल?

आपलाही एक आकडा आहे. टाटा मेमोरियलमधल्या पॅथॉलॉजिस्टांनी २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास छापला, त्यात ईआर पॉझिटिव्ह होत्या साधारण एक तृतीयांश. पुढे काही वर्षांनी त्याच संस्थेने जे आकडे दिले त्यांत हार्मोन रिसेप्टर असलेल्या गाठी निम्म्याहून जास्त होत्या. त्या काळात भारतीय बायकांच्या गाठी बदलल्या असे कुणी म्हणणार नाही. नमुना जपण्याची आणि रंगवण्याची पद्धत सुधारली, हे त्यातले मोठे कारण. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्ह जास्त, असे आपण सभांतून ऐकतो. खरोखरही जास्त असतील. पण त्यांतल्या काही श्रीखंडाच्या डब्यात निगेटिव्ह झालेल्या नसतील कशावरून?

फॉर्मलिनचे गणित स्वयंपाकघरातले आहे. आख्खी कैरी खारात टाकून ठेवली तर आठवड्याने सालीला मीठ लागलेले असते आणि कोय कुजलेली. म्हणून फोडी करतात. फॉर्मलिन मांसात तासाला मिलिमीटरभर शिरते. स्तनाएवढा तुकडा न कापता बुडवला तर ते मध्यापर्यंत पोचायला दिवस लागतात आणि तोवर आतल्या पेशी, आणि त्यांच्यातले रिसेप्टर, मरून विरघळत असतात. नियम काही गुपित नाहीत, २०१० पासून छापलेले आहेत : शरीरातून निघाल्यापासून तासाच्या आत फॉर्मलिन, गाठ कापून उघडलेली, बफर घातलेले दहा टक्क्यांचे फॉर्मलिन नमुन्याच्या दसपट, आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर. एक टक्का पेशी जरी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरायचे. एक ते दहा टक्के असतील तर ‘कमी पॉझिटिव्ह’ असे वेगळे लिहायचे, हे २०२० मध्ये ठरले.

तुमच्या अडचणी मी पाहिलेल्या आहेत. थिएटरात तीन माणसे, त्यातला एक जनरेटरकडे धावणार. पॅथॉलॉजिस्ट गावात नाही. गाठ सर्जननेच कापली तर ‘कडा बिघडवल्या’ म्हणून वरून ओरडा. पेशंट म्हणतो सुई नको, सरळ काढून टाका. आणि नातेवाईक, त्यात मीही आले, ‘रक्तातून सगळे कळणारी एखादी तपासणी करा ना डॉक्टर’ म्हणून मागे लागतो. हे सगळे खरे आहे. म्हणूनच तुमच्याकडे मागणे मागते ते तुमच्या आवाक्यातलेच आहे.

स्तन काढण्याआधी ट्रुकट बायप्सी करा, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढा. तो तुकडा शेवयीएवढा बारीक, फॉर्मलिन त्यात बघता बघता शिरते, ईआर-पीआर-हर-टू त्याच्यावरच उत्तम होते. शिवाय हर-टू जोरात पॉझिटिव्ह असेल, किंवा खरोखरच ट्रिपल निगेटिव्ह असेल, तर मोठ्या गाठीला आधी औषध देऊन मग ऑपरेशन करण्याची वाट मोकळी राहते. हर-टू ‘दोन प्लस’ आला तर तो निकाल नव्हे, फिश ही हर-टूच्या जनुकाची तपासणी करायची राहिली आहे, हे नातेवाइकाला त्याच दिवशी सांगा. हर-टूवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचे भारतात बनलेले पर्याय २०१४ पासून मिळतात, तेव्हा ‘परवडणार नाही, कशाला तपासायचे’ हे तुम्ही परस्पर ठरवू नका.

लॅबवाल्यांना विनंती, की रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ एवढा एकच शब्द छापू नका. किती टक्के पेशी, रंग फिका की गडद, सामान्य नलिका रंगल्या की नाही, नमुना फॉर्मलिनमध्ये किती तास होता, हे चार शब्द जास्त लिहा. नसेल जमले तर ‘नमुना तपासण्याजोगा नाही’ असे लिहा. आम्ही रागावणार नाही. दुसरा ब्लॉक बघू, दुसरी लॅब बघू. लोब्युलर, ट्युब्युलर, म्युसिनस, ग्रेड एक, असे सहसा ईआर पॉझिटिव्ह असणारे काही पहिल्या पानावर लिहून दुसऱ्या पानावर ईआर निगेटिव्ह लिहायची वेळ आली तर हात थांबू द्या आणि सर्जनना फोन करा. आणि कुणी ब्लॉक मागायला आले तर त्यांच्याकडे चोर आल्यासारखे पाहू नका. ते मांस आमच्या घरातल्या बाईचे आहे.

शनिवारी ऑपरेशन करायचेच असेल तर लॅबला सकाळी फोन करून रविवारी कुणी आहे का विचारा. नसेल तर सोमवारी करा. दोन दिवसांनी कॅन्सर पळून जात नाही.

डब्याचेही सांगते. रुंद तोंडाची पाच लिटरची प्लॅस्टिकची बरणी आमच्या बाजारपेठेत दीड-दोनशेला मिळते, मी चौकशी केली आहे. सीए १५-३ च्या एका तपासणीत पाच बरण्या येतात.

या पत्राच्या छापील प्रतीसोबत तुम्हाला स्टिकरची एक शीट मिळेल, चोवीस स्टिकरची. माझ्या दहावीच्या मुलींनी शाळेच्या कॉम्प्युटरवर तयार केले आहेत. त्यावर पेशंटच्या नावाखाली दोनच रिकाम्या जागा आहेत : ‘शरीरातून काढले ___ वाजता’ आणि ‘फॉर्मलिनमध्ये टाकले ___ वाजता’. कागद तेलकट निवडला आहे, फॉर्मलिनने शाई पसरत नाही. प्रयोगशाळेत बुडवून पाहिले. आपल्या भागातल्या सहा हॉस्पिटलांना मी स्वतः नेऊन देणार आहे, बाकीच्यांना पोस्टाने. शीट संपली तर शाळेच्या पत्त्यावर कळवा, मुली आणखी छापून देतील.

आपली नम्र,
कृष्णाकाठची एक विज्ञान शिक्षिका